‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमके काय करावे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात पूरस्थितीच्या पूर्वतयारीच्या बैठकांची वृत्ते येऊ लागतात. ती वाचताना दर वर्षी माझ्या मनात एकच प्रश्न येतो, आणि तो बोटींविषयी किंवा निवारा केंद्रांविषयी नसतो. ऐन संकटात शहराच्या वतीने नागरिकांशी कोण बोलणार आणि कोणत्या शब्दांत बोलणार, हा तो प्रश्न आहे. या एका विषयासाठी बैठक झाल्याचे माझ्या वाचनात कधी आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मी कोल्हापूरचा. आमचे घर शुक्रवार पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आहे. आमच्याकडे पुराची भाषा ठरलेली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. ‘पाणी जामदार क्लबला लागलं’ असे कुणी म्हटले की जुनी माणसे मनातल्या मनात पुढचा हिशेब मांडतात. ऑगस्ट २०१९मध्ये हा हिशेब चुकला, कारण पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि पूर्वी कधी न शिरलेल्या घरांत शिरले. पाणी चढत असताना एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बहुतेकांच्या मोबाइलवर एका कार्यालयाच्या नावाने संदेश आला. ‘धरणातून विसर्ग वाढविण्यात येत असून नदीपात्रातील पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. घाबरून जाऊ नये. प्रशासन सज्ज आहे.’ माझी आई तेव्हा ८१ वर्षांची होती. तिने तो संदेश माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारले, ‘म्हंजे जायाचं का ऱ्हायाचं?’ मला उत्तर देता आले नाही.

आम्ही राहिलो. धान्याचे डबे माळ्यावर चढवले, पहिल्या पायरीवर खडूने रेघ मारली आणि दर अर्ध्या तासाने बॅटरी घेऊन ती रेघ बघत बसलो. रात्री दोनच्या सुमारास रेघ दिसेनाशी झाली. साधारण त्याच वेळी पेठेतल्या तालमीची पोरे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कंबरभर पाण्यातून दारे बडवत वर आली. ‘उठा! पाणी आलंय! म्हातारी माणसं पयली काढा! सामान ऱ्हाऊ दे, औषधं घ्या, चला!’ पाच मिनिटांत आम्ही घराबाहेर होतो. आईला दोघांनी खुर्चीसकट उचलून नेले.

त्या रात्रीनंतर मी त्या दोन निरोपांचा पुष्कळ विचार केला आहे. कार्यालयाच्या संदेशात खोटे असे काहीच नव्हते. पण त्यात कुणीच कुणाशी बोलत नव्हते. विसर्ग ‘वाढविण्यात येत’ होता, म्हणजे तो वाढवणारा वाक्यात नव्हता. ‘नागरिकांनी राहावे’ यात नागरिक कोणत्या गल्लीचे, कुठवर राहावे आणि सतर्क राहून करायचे काय, याचा पत्ता नव्हता. तालमीच्या पोरांच्या चार वाक्यांत मात्र आज्ञार्थ होता, आधी कुणाला काढायचे याचा क्रम होता, आणि काय घ्यायचे व काय सोडायचे तेही होते. आपल्या सरकारी मराठीला कर्मणी प्रयोगाची आणि ‘करावे, राहावे, जाऊ नये’ या क्रियापदांची इतकी सवय झाली आहे, की जीव वाचवण्याच्या क्षणीही ती सुटत नाही.

हा दोष केवळ मराठीचा नाही, हे मला जपानविषयी वाचताना कळले. तिथे बहुतेक गावांत खांबांवर कर्णे लावलेले असतात आणि नगरपालिकेची उद्घोषणा त्यांवरून होते. जपानी भाषेत आदराचे आणि आर्जवाचे अनेक थर आहेत, त्यामुळे धोक्याची सूचनाही ‘हिनान शिते कुदासाई’, म्हणजे ‘कृपया सुरक्षित ठिकाणी जावे’, अशा अदबीने देण्याची रीत होती. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर त्सुनामी येऊ घातली, तेव्हा इबाराकी प्रांतातील ओआराई या किनाऱ्यावरच्या छोट्या गावाच्या नगरप्रमुखांनी ही अदब बाजूला ठेवायला सांगितली. कर्ण्यांवरून ‘तातडीची स्थलांतर आज्ञा’ अशी घोषणा झाली आणि तिच्यामागून थेट ‘हिनान सेयो’, म्हणजे ‘निघा, उंचावर चला’ असा हुकूम गेला. सखल भागांची नावे घेऊन तिथल्या लोकांना वेगळे बजावण्यात आले. ‘आज्ञा’ हा शब्द तेव्हाच्या कायद्यातही नव्हता. कायद्यात ‘सल्ला’ आणि ‘सूचना’ एवढेच होते. नेहमीचा आवाज असा बदललेला ऐकून हे काही वेगळे आहे, असे लोकांना जाणवले आणि ते निघाले. त्या गावात त्सुनामीने एकही माणूस दगावला नाही. याचे सगळे श्रेय एका क्रियापदाला देता येणार नाही, कारण तिथली लाट चार मीटरच्या आसपास होती आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर ती त्याहून कितीतरी उंच होती. पण नगरप्रमुखाने ऐन वेळी भाषेचा विचार केला आणि त्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे जपानने कायदाच बदलला. २० मे २०२१पासून ‘स्थलांतराचा सल्ला’ ही पायरी काढून टाकण्यात आली आणि ‘स्थलांतराची सूचना’ ही एकच पायरी ठेवण्यात आली, कारण सल्ला आणि सूचना यांतला फरक लोकांना कळत नव्हता आणि सल्ला मिळाल्यावर ते पुढच्या सूचनेची वाट बघत घरीच थांबत होते. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा ‘एनएचके’ या सार्वजनिक वाहिनीची निवेदिका अक्षरशः ओरडून ‘आत्ताच्या आत्ता पळा’ असे सांगत होती. अदबीसाठी ओळखल्या जाणाऱ्या समाजाने आपल्या भाषेची ही सवय मोडली आहे. ‘आपल्याकडे असे आरडाओरडा करून सांगणे बरे दिसत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी हे उदाहरण देऊ इच्छितो.

‘घाबरून जाऊ नये’ या वाक्यामागे घबराट पसरेल ही भीती असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांनी अनेक दशके आपत्तींतल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास केला, आणि सैरावैरा पळापळ ही समजली जाते त्यापेक्षा फारच क्वचित होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझाही अनुभव तसाच आहे. आमच्या गल्लीत त्या रात्री कुणीही पळाले नाही. गल्ली निघायला हवे होते त्यापेक्षा सहा तास उशिरा निघाली.

जपानच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती भाषेपेक्षाही महत्त्वाची आहे. १९५९च्या इसे उपसागरातील वादळात पाच हजारांच्या आसपास माणसे गेल्यावर तिथे १९६१ साली आपत्तीविषयक मूलभूत कायदा झाला, आणि त्या कायद्याने लोकांना घराबाहेर पडायला सांगण्याचा अधिकार गावाच्या किंवा शहराच्या निवडून आलेल्या प्रमुखाला दिला. म्हणजे बोलायचे कुणी, हे तिथे आधीच ठरलेले आहे. आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आहेत. याच कायद्यात २०२५ साली झालेल्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली, पण त्याचेही अध्यक्षपद आयुक्तांकडे आहे. ज्याला लोकांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांनी निवडले, त्या महापौराने संकटात लोकांना काय सांगायचे, याविषयी कायदा काही बोलत नाही. जुलै २०२१च्या पुरात तर आमच्या शहराला महापौरच नव्हता, कारण महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२०मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. मग पूर आला की पालकमंत्री, जिल्हाधिकारी, आयुक्त, पाटबंधारे विभाग आणि पोलीस असे सगळेच बोलतात, प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असतो, आणि लोक शेवटी गल्लीतल्या जुन्याजाणत्या माणसाला विचारतात.

ज्याच्याकडे बोलण्याचा अधिकार नाही, अशा नगरप्रमुखाचे काय होते, ते साऱ्या जगाने चीनमधल्या वुहानमध्ये पाहिले. करोनाच्या साथीमुळे २३ जानेवारी २०२० रोजी ते शहर बंद करण्यात आले. चार दिवसांनी महापौर चौ शियानवांग यांनी सरकारी दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली आणि माहिती वेळेवर दिली गेली नाही, हे मान्य केले. स्थानिक सरकार म्हणून वरून परवानगी मिळाल्यानंतरच मला माहिती जाहीर करता येते, असेही ते म्हणाले. शहर बंद होण्यापूर्वी सुमारे ५० लाख लोक बाहेर पडले होते, हे त्यांनीच सांगितले. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली आणि त्यातली बरीचशी रास्त होती. तरी त्यांच्या त्या वाक्याने मला अस्वस्थ केले, कारण आपल्याकडच्या कित्येक प्रामाणिक अधिकाऱ्यांची अडचण नेमकी हीच असते. माहिती हातात असते, पण ‘वरून’ मंजूर झालेले प्रसिद्धिपत्रक येईपर्यंत तिचा उच्चार करता येत नाही, आणि पाणी तर प्रसिद्धिपत्रकासाठी थांबत नाही.

याच्या अगदी उलट वागणारा नगरप्रमुख जपानच्याच मिनामिसोमा शहरात होता. फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या दुर्घटनेनंतर शहराचा काही भाग रिकामा करण्यात आला होता आणि उरलेल्यांपैकी अनेकांना घरातच थांबायला सांगितले होते. सामान घेऊन येणारे ट्रकचालक शहरात यायला तयार नव्हते. महापौर कात्सुनोबु साकुराई यांनी २४ मार्च २०११ रोजी कॅमेऱ्यासमोर बसून सुमारे ११ मिनिटे निवेदन केले आणि ते इंग्रजी उपशीर्षकांसह यूट्यूबवर टाकण्यात आले. सरकारकडून आणि वीज कंपनीकडून आपल्याला पुरेशी माहिती मिळत नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले. शहरात काय संपत आले आहे, ते सांगून त्यांनी मदत मागितली. ‘प्रशासन सज्ज आहे’ असे म्हणण्याचा मोह त्यांना झाला नाही. मला माहीत नाही, मला हे हवे आहे, असे म्हणणाऱ्या प्रमुखावर लोक अविश्वास दाखवतात ही समजूत चुकीची आहे. त्या निवेदनानंतर दूरदूरच्या लोकांनी त्या शहराला मदत पाठवली.

आता आकड्यांविषयी. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन हे ४० लाख वस्तीचे शहर तीन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१८च्या आरंभी कोरडे पडण्याच्या बेतात होते. १८ जानेवारी २०१८ रोजी महापौर पॅट्रिशिया डी लिल यांनी आता माघारीची वेळ निघून गेली आहे, असे जाहीर केले आणि १ फेब्रुवारीपासून दर माणशी दररोज ५० लिटर ही मर्यादा घातली. धरणांतला साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की घराघरांतले नळ बंद होणार होते आणि लोकांना सुमारे २०० केंद्रांवर रांगेत उभे राहून माणशी २५ लिटर पाणी न्यावे लागणार होते. त्या दिवसाला ‘डे झीरो’ हे नाव देण्यात आले होते आणि त्याची अपेक्षित तारीख लोकांना सांगितली जात होती. ५० लिटर म्हणजे काय, हे कुणालाही घरात मोजता येते. बादली ठरलेली असते. २०१५ साली हे शहर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर पाणी वापरत होते, ते तीन वर्षांत निम्म्यापर्यंत खाली आले. शेतकऱ्यांच्या एका पाणीवाटप संस्थेने आपल्या धरणांतले एक हजार कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडले. तारीख पुढे पुढे सरकत गेली, मग हिवाळ्यात पाऊस झाला आणि नळ बंद करण्याची वेळ आली नाही.

या यशातही त्रुटी होत्या आणि त्या आपल्याला उपयोगी आहेत. डी लिलबाईंनी त्याच निवेदनात बहुसंख्य नागरिकांना बेपर्वा ठरवले. ज्या वस्त्यांत आधीपासूनच सार्वजनिक नळावर हंडे लावून पाणी भरले जात होते, तिथल्या बायांना ते ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना पाण्याच्या टँकरमागे धावलेल्या कोणत्याही मराठी माणसाला येईल. त्याच सुमारास पक्षांतर्गत भांडणापायी पाणीटंचाईची सूत्रे महापौरांच्या हातून काढून घेण्यात आली आणि उपमहापौर, प्रांताच्या प्रमुख आणि पक्षाचे नेते असे सगळेच बोलू लागले. ‘डे झीरो’ यंदा टळला, ही घोषणा तर पक्षाच्या नेत्याने केली. तोवर ही तारीख खरी होती की लोकांना घाबरवण्यासाठी सांगितली होती, असे लोक विचारू लागले होते. आकडा कितीही चोख असला, तरी तो सांगणारा माणूस रोज बदलला तर आकड्यावरचा विश्वासही पातळ होतो.

चूक कबूल करण्याविषयी मिलानचे उदाहरण द्यावेसे वाटते. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस, करोनाचा संसर्ग लोम्बार्डीत पसरू लागला असताना, ‘मिलान थांबत नाही’ अशी चित्रफीत महापौर ज्युझेप्पे साला यांनी प्रसारित केली. उपाहारगृहांच्या व्यवसायाला धीर देण्याचा तो प्रयत्न होता. ८ मार्चला सारा लोम्बार्डी बंद करावा लागला. त्याच महिन्यात साला यांनी दूरचित्रवाणीवर येऊन, ती बहुधा आपली चूक होती आणि तेव्हा विषाणूची तीव्रता कुणाच्याच लक्षात आली नव्हती, असे सांगितले. गेलेली माणसे त्याने परत येत नाहीत. पण चुकलो म्हणणारा महापौर दुसऱ्या दिवशी पुन्हा काही सांगायला उभा राहिला तर लोक ऐकून घेतात. आमच्याकडे २०१९च्या त्या संदेशाविषयी आजवर कुणी एक वाक्यही बोललेले नाही.

काही संकटांत लोकांना सांगण्यासारखी आज्ञाच उरलेली नसते, तिथे शब्दांचे काम वेगळे असते. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, ५२ निरपराध माणसे गेली. महापौर केन लिव्हिंगस्टन तेव्हा सिंगापूरमध्ये होते, कारण आदल्याच दिवशी तिथे लंडनला २०१२च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मिळाले होते. तिथूनच ते बोलले. हा हल्ला बड्यांवर झालेला नाही, पंतप्रधानांवर झालेला नाही, तो कष्टकरी सामान्य लंडनकरांवर झाला आहे, असे सांगून त्यांनी काळे आणि गोरे, मुस्लिम आणि ख्रिस्ती, हिंदू आणि ज्यू, तरुण आणि वृद्ध अशी नावे घेतली. शोकाच्या क्षणी ‘सर्व नागरिक’ म्हणणे आणि एकेकाचे नाव घेणे यात किती अंतर आहे, हे त्या भाषणात दिसते. स्फोटानंतर सूड उगवण्याची भाषा करणे सोपे होते, त्यांनी ती केली नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आपल्याकडे काय व्हावे, याविषयी माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. पूर आल्यावर महापौर, आयुक्त किंवा जिल्हाधिकारी, कुणीही एकाने बोलावे, पण पावसाळ्यापूर्वीच ते नाव जाहीर व्हावे आणि बाकीच्यांनी आपली माहिती त्याच्याकडे द्यावी. त्याने ठरलेल्या वेळी बोलावे, पुढचे निवेदन किती वाजता होईल ते सांगूनच उठावे, आणि सांगण्यासारखे नवे काही नसले तर तसे सांगायलाही त्या वेळी यावे. ‘विसर्ग इतके क्युसेक’ हा आकडा अभियंत्यांसाठी ठीक आहे. राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हेही आम्हाला कळते, पण त्यावरून माझ्या गल्लीत पाणी किती वाजता येईल हे मला काढता येत नाही. ते गणित माझ्यावर न सोडता मला फक्त पेठेचे नाव आणि वेळ सांगावी, आणि निघायचे असेल तर ‘निघा’ म्हणावे.

यासाठी आपल्या दैनिकालाही एक विनंती करतो. पावसाळ्यात आपण रोज बंधाऱ्यावरची पातळी छापता. तिच्याशेजारी, त्या पातळीला कोणत्या पेठेत, कोणत्या गल्लीत पाणी असते, याचा तक्ता जूनमध्येच एकदा छापावा. ही माहिती कोणत्याही कार्यालयात एकत्र नसेल कदाचित, पण ती आहे. २००५, २०१९ आणि २०२१च्या खुणा घराघरांच्या भिंतींवर आहेत, तालमींच्या पोरांना त्या ठाऊक आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांना तर त्याआधीच्याही. वाचकांकडून आपण मागवल्या तर महिनाभरात शहराचा नकाशा भरून निघेल.

आमच्या गल्लीपुरती नोंद मी सोबत पाठवत आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४७ फूट पाणी असताना गल्लीच्या तोंडाशी घोटाभर पाणी येते. ५० फुटांना ते आमच्या पहिल्या पायरीला लागते. गल्लीत चालता न येणारी चार माणसे आहेत, त्यांना ४७ला हलवावे. माझी आई त्यांतली एक आहे.

आपला विश्वासू,
शुक्रवार पेठेतील एक वाचक, कोल्हापूर